एका आडनावाचा माग

प्रस्तावना

आपला परिचय करून देताना आपण नावाबरोबर आडनावही सांगतो. ऐकणारा लगेच विचारतो, "म्हणजे मूळ गाव कोणते?" आडनाव ऐकले की मनात गाव, व्यवसाय, घराणे यांविषयी तर्क सुरू होतात. हे केवळ आपल्याकडेच घडते असे नाही. मध्य युरोपातील हंगेरी या देशातही आडनावावरून पूर्वजांचा शोध घेणारे असंख्य लोक आहेत. त्यांतील अनेकांचे आजोबा-पणजोबा शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेत गेले. आज नातवंडांना हंगेरियन भाषा येत नाही, मूळ गावाचे नाव ठाऊक नाही. हाती असते ते फक्त एक विरळ, उच्चारायला कठीण असे आडनाव. एवढ्या एका शब्दाच्या आधारे आपल्या माणसांपर्यंत पोहोचता येते का? आणि तसे पोहोचताना कोणती दक्षता घ्यावी लागते? प्रस्तुत पाठात याच प्रश्नांचा विचार केला आहे.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हांला –
• हंगेरियन आडनावांची घडण सांगता येईल;
• आडनावावरून पूर्वजांचा शोध घेताना कागदपत्रांचा क्रम स्पष्ट करता येईल;
• तर्क आणि पुरावा यांतील फरक उदाहरणांनी दाखवता येईल;
• मराठी व हंगेरियन आडनावांतील प्रत्ययांची तुलना करता येईल.

मूळ पाठ

१. आडनाव काय सांगते?

हंगेरियन माणूस आपले नाव सांगताना आधी आडनाव सांगतो आणि मग स्वतःचे नाव. युरोपातील बहुतेक भाषांत क्रम याच्या उलट असतो. त्यामुळे परदेशातील कागदपत्रांत नाव कोणते आणि आडनाव कोणते, याचा घोटाळा होऊ शकतो. शोधाच्या आरंभीच ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते.

हंगेरीत वंशपरंपरागत आडनावे चौदाव्या शतकापासून हळूहळू रूढ होत गेली. त्यांचे काही ठळक प्रकार दिसतात. कोवाच म्हणजे लोहार, साबो म्हणजे शिंपी, मोलनार म्हणजे पिठाची चक्की चालवणारा. ही व्यवसायावरून आलेली आडनावे होत. नॉद्य म्हणजे मोठा व किश म्हणजे लहान. ही व्यक्तीच्या वैशिष्ट्यावरून पडलेली. होरवात म्हणजे क्रोएशियन, नेमेत म्हणजे जर्मन. ही मूळ लोकसमूहाची खूण सांगणारी. 'फी' या शब्दाचा अर्थ पुत्र. म्हणून पालफी म्हणजे पालचा मुलगा. याखेरीज गावाच्या नावाला 'ई' हा प्रत्यय लावून झालेली आडनावे फार मोठ्या संख्येने आढळतात. सेगेद गावचा तो सेगेदी, देब्रेत्सेन गावचा तो देब्रेत्सेनी. पुण्याचा पुणेकर आणि नागपूरचा नागपूरकर होतो, तशीच ही रीत आहे.

येथे एक विचार मनात येतो. जो माणूस गावातच राहतो, त्याला गावाच्या नावाने कोण ओळखणार? गावात तर सगळेच त्या गावचे! गाव सोडून दुसरीकडे गेलेल्या माणसालाच पहिल्या गावाचे नाव चिकटते. म्हणजे असे आडनाव बहुधा एका स्थलांतराची आठवण असते. मात्र एकाच गावातून निघालेल्या, परस्परांशी रक्ताचे नाते नसलेल्या अनेक कुटुंबांना तेच आडनाव मिळू शकते.

भारताशी निगडित असलेले एक उदाहरण पाहू. तिबेटी भाषेचे थोर अभ्यासक अलेक्झांडर चोमा यांचा जन्म १७८४ साली ट्रान्सिल्व्हेनियातील कोरोश या गावी झाला. हंगेरियन लोकांचे मूळ आशियात कोठे आहे, हे शोधण्यासाठी ते पायी निघाले आणि १८२२ साली हिंदुस्थानात पोहोचले. त्यांचा तिबेटी-इंग्रजी कोश १८३४ साली कलकत्त्यास प्रसिद्ध झाला. १८४२ साली दार्जिलिंग येथे त्यांचे निधन झाले. तेथेच त्यांची समाधी आहे. मातृभाषेत त्यांचे नाव 'कोरोशी चोमा शांदोर' असे लिहितात. कोरोशी म्हणजे कोरोश गावचे, चोमा हे आडनाव आणि शांदोर हे स्वतःचे नाव. मात्र हंगेरियन प्रदेशात कोरोश हा शब्द अनेक गावांच्या नावांत येतो. नॉद्यकोरोश म्हणजे थोरले कोरोश, किश्कोरोश म्हणजे धाकटे कोरोश. तेव्हा केवळ 'कोरोशी' एवढ्या शब्दावरून कोणते कोरोश, हे ठरवता येणार नाही. आडनाव दिशा दाखवते; मुक्कामाचे ठिकाण मात्र कागदांतूनच निश्चित करावे लागते.

२. विरळ आडनावाचा मोह

कोवाच किंवा नॉद्य यांसारखे आडनाव असेल तर शोध घेणारा पहिल्याच पायरीवर थबकतो, कारण गावोगावी हजारो कोवाच असतात. विरळ आडनाव असणाऱ्याला त्यामानाने आनंद वाटतो. ते आडनाव जुन्या नोंदींत दोन-तीन गावांतच सापडले तर शोधाचे क्षेत्र एकदम लहान होते. हा लाभ खरा आहे. परंतु त्याच्या पोटात एक धोकाही दडलेला असतो. आडनाव विरळ असल्यामुळे 'या नावाचा जो कोणी सापडेल तो आपलाच पूर्वज' असे वाटू लागते. या समजुतीला तीन कारणांनी तडा जाऊ शकतो.

पहिले कारण लेखनाचे. हंगेरियन लिपी रोमन असली तरी तिचे वाचन वेगळे आहे. 'एस' या एकट्या अक्षराचा उच्चार श होतो आणि 'एस' व 'झेड' ही अक्षरे जोडून आली की स. परदेशी लेखनिकाला हे ठाऊक नसते. अमेरिकेत गेलेल्या अनेक कुटुंबांनी स्वतःच आपल्या आडनावाचे लेखन इंग्रजी उच्चाराला जुळवून घेतले. साबोमधील 'झेड' गळाला, कोवाचच्या शेवटी नवी अक्षरे आली. न्यूयॉर्कजवळील एलिस बेटावर १८९२ ते १९५४ या काळात स्थलांतरितांची तपासणी होत असे. तेथील अधिकाऱ्यांनी लोकांची नावे बदलली, अशी एक लोकप्रिय समजूत आहे. वस्तुतः ते अधिकारी जहाजावर आधीच तयार झालेल्या प्रवासी याद्या पडताळून पाहत. त्यामुळे आज विरळ भासणारे आडनाव हे एखाद्या सर्वसामान्य आडनावाचे बदललेले लेखनही असू शकते.

दुसरे कारण नामांतराचे. १७८७ साली सम्राट दुसरा जोसेफ याच्या आदेशाने हॅब्सबुर्ग राज्यातील ज्यूंना कायमची जर्मन आडनावे घेणे बंधनकारक झाले. पुढे एकोणिसाव्या शतकात राष्ट्रभावनेची लाट आली आणि जर्मन, स्लाव्ह व ज्यू कुटुंबांतील अनेकांनी हंगेरियन आडनावे स्वीकारली. १८८१ साली नामांतराचे शुल्क ५ फोरिंटवरून ५० क्राइत्सार, म्हणजे एक दशांश इतके कमी करण्यात आले. परिणामी अर्ज करणाऱ्यांची संख्या पुष्कळ वाढली. अशा कुटुंबाचे आडनाव नामांतराच्या तारखेआधी कोणत्याही नोंदवहीत सापडणार नाही. सापडलेच, तर ते दुसऱ्याच कोणाचे तरी असेल.

तिसरे कारण प्रतिष्ठेच्या हव्यासाचे. आपल्यासारखेच आडनाव असलेले सरदार घराणे एखाद्या जुन्या ग्रंथात दिसले की त्याचे कुलचिन्ह आपल्या भिंतीवर लावण्याचा मोह होतो. कुलचिन्ह आडनावाला दिलेले नसते. ते विशिष्ट व्यक्तीला आणि तिच्या वंशजांना दिलेले असते. नाते सिद्ध झाल्याशिवाय त्यावर हक्क सांगता येत नाही.

३. पेतोफी : एक बोलके उदाहरण

हंगेरीचे राष्ट्रकवी शांदोर पेतोफी यांचे आडनाव सर्वपरिचित आहे. या नावाचा पूर्वज शोधू गेल्यास मात्र हाती काहीच लागत नाही. कवीचे मूळ आडनाव पेत्रोविच असे होते. त्यांची पहिली कविता १८४२ साली पेत्रोविच या नावानेच छापली गेली आणि त्याच वर्षी त्यांनी पेतोफी हे नाव घेतले. स्लाव्ह भाषांतील 'विच' या पुत्रवाचक प्रत्ययाच्या जागी त्यांनी हंगेरियन 'फी' योजला, एवढेच. १८४९ साली ते रणांगणावर नाहीसे झाले. त्यांचा एकुलता मुलगा १८७० साली निपुत्रिक मरण पावला. अशा रीतीने एका व्यक्तीने निर्माण केलेले हे आडनाव त्या कुटुंबापुरते दुसऱ्याच पिढीत संपले.

त्यांच्या जन्मगावाचाही वाद झाला. आपला जन्म किश्कुनफेलेद्यहाझा येथे झाला, असे त्यांनी स्वतः एका कवितेत सूचित केले होते. परंतु किश्कोरोश येथील ल्यूथरपंथीय चर्चच्या नोंदवहीत १ जानेवारी १८२३ या दिवशी त्यांच्या बाप्तिस्म्याची नोंद आहे. ती लॅटिनमध्ये असल्याने तेथे शांदोरचे 'अलेक्झांडर' झाले आहे. कवीच्या शब्दापेक्षा त्या दिवशी लिहिलेली नोंद अधिक विश्वसनीय मानली जाते. घरात सांगितल्या जाणाऱ्या गोष्टींनाही हीच कसोटी लावावी लागते.

पाठगत प्रश्न १
(अ) योग्य पर्याय निवडा : हंगेरियन आडनावातील 'ई' हा प्रत्यय काय दर्शवतो? (१) व्यवसाय (२) गाव (३) पुत्र
(आ) पेतोफी या आडनावाचा पूर्वज जुन्या नोंदींत का सापडत नाही?
(इ) विरळ आडनावाच्या वाचनात चूक होण्याचे एक कारण लिहा.

४. एकेक पायरी मागे

पूर्वजांच्या शोधाचा मुख्य नियम असा, की ज्ञाताकडून अज्ञाताकडे जावे. तीनशे वर्षांपूर्वीचा माणूस शोधून त्याच्यापासून खाली येण्याचा प्रयत्न करू नये. स्वतःपासून आरंभ करून आई-वडील, आजी-आजोबा असे एकेक पिढी मागे जावे, आणि प्रत्येक दोन पिढ्यांना जोडणारा कागद हाती आल्याशिवाय पुढचे पाऊल टाकू नये.

घरातील दाखले, पत्रे, छायाचित्रांच्या मागचा मजकूर, थडग्यांवरील लेख हा पहिला टप्पा होय. त्यातून दोन गोष्टी शोधायच्या : मूळ गाव आणि धर्मपंथ. या दोन गोष्टींची गरज का, ते पुढील माहितीवरून कळेल.

हंगेरीत जन्म, विवाह व मृत्यू यांची शासकीय नोंदणी १ ऑक्टोबर १८९५ पासून सुरू झाली. या नोंदींत आई-वडिलांची नावे, धर्म, वय, व्यवसाय व राहण्याचे ठिकाण आढळते. त्यापूर्वीच्या नोंदी त्या त्या धर्मपंथाने ठेवलेल्या आहेत. एकाच गावात कॅथलिक, कॅल्व्हिनपंथीय आणि ज्यू यांच्या वह्या वेगवेगळ्या असत. पंथ ठाऊक नसेल तर चुकीच्या वहीत वर्षभर शोधूनही काही मिळत नाही. हंगेरियन भाषेत अशा नोंदवहीला जो शब्द आहे, त्याचा शब्दशः अर्थ 'आईचे पुस्तक' असा होतो.

हंगेरीचा मध्यभाग दीर्घकाळ तुर्कांच्या ताब्यात होता. १५४१ साली बुदा शहर त्यांच्या हाती पडले, ते १६८६ साली परत मिळाले. त्या प्रदेशात बहुतेक ठिकाणी सलग नोंदवह्या त्यानंतरच्याच काळातील सापडतात. १८२७ च्या कायद्याने चर्चच्या नोंदवह्यांची दुसरी प्रत परगण्याच्या दप्तरखान्यात ठेवण्याची पद्धत सुरू झाली. म्हणून एखाद्या चर्चची वही जळून गेली असली, तरी तिची दुसरी प्रत सापडण्याची आशा असते. १७१५, १७२० व १८२८ या वर्षांच्या करविषयक मोजण्यांत बहुधा केवळ कुटुंबप्रमुखाचे नाव आढळते. त्यांवरून 'या आडनावाचे कुटुंब या गावात होते' एवढे कळते. ते आपलेच कुटुंब होते, हे कळत नाही. अमेरिकेतील युटा राज्यातील एका वंशशोधन संस्थेने हंगेरीतील अनेक नोंदवह्यांची सूक्ष्मचित्रे घेतली आहेत. त्यांपैकी पुष्कळशी आता संगणकावरही पाहता येतात.

आपल्याकडेही ही परंपरा वेगळ्या रूपात आहे. नाशिक, हरिद्वार यांसारख्या तीर्थक्षेत्री पंड्यांच्या वह्यांत यात्रेकरूंच्या पिढ्यांची नावे लिहिलेली असतात. दक्षिण महाराष्ट्र व उत्तर कर्नाटकात हेळवी गावोगाव फिरून घराण्यांच्या वंशावळी सांगतात.

५. गाव तेच, देश वेगळा

४ जून १९२० रोजी झालेल्या त्रियानाँ तहाने हंगेरीच्या जुन्या राज्याचा दोन तृतीयांशांहून अधिक भूभाग शेजारील देशांकडे गेला. घरे जागच्या जागी राहिली, देश मात्र बदलले. पोझोन्य हे आज स्लोव्हाकियाची राजधानी ब्रातिस्लाव्हा आहे. कोलोझवार आज रुमानियातील क्लुज-नापोका, तर साबादका आज सर्बियातील सुबोटिका या नावाने ओळखले जाते. चोमा यांचे जन्मगावही आज रुमानियात आहे. त्यामुळे पणजोबांच्या कागदावर 'हंगेरी' असे लिहिले असले, तरी त्यांची नोंदवही ब्रातिस्लाव्हाच्या किंवा क्लुजच्या दप्तरखान्यात असू शकते. जुन्या ग्रामसूचीच्या साहाय्याने गावाची सर्व नावे आणि त्याचा परगणा आधी निश्चित करावा लागतो.

६. आईकडची वाट

आडनावाच्या मागे जाताना आणखी एक मर्यादा लक्षात येते. प्रत्येकाला आठ पणजोबा-पणज्या असतात. आपले आडनाव मात्र त्यांपैकी एकाच्याच घराण्यातून आलेले असते. उरलेल्या सात घराण्यांविषयी ते काहीही बोलत नाही. हंगेरीत विवाहित स्त्रीचे नाव पूर्वी बहुधा पतीच्या नावाला 'ने' हा प्रत्यय लावून लिहीत. यानोश कोवाच याची पत्नी 'कोवाच यानोशने' होई आणि तिचे स्वतःचे नाव त्या रूपात लोपून जाई. तथापि नोंदणीच्या व्यवस्थेत तिचे माहेरचे नाव टिकून राहिले. हंगेरियन ओळखपत्रांत आजही आईचे जन्मनाव लिहिले जाते. वंशशोधात हे नाव फार मोलाचे ठरते. एकाच गावात एकाच नावाचे दोन पुरुष असतील, तर पत्नीच्या माहेरच्या नावावरूनच ते वेगळे ओळखता येतात.

७. जेथे नावच उरले

काहींच्या दृष्टीने हा शोध जिज्ञासेचा असतो; काहींच्या दृष्टीने तो कर्तव्याचा असतो. १५ मे ते ९ जुलै १९४४ या आठ आठवड्यांत हंगेरीतून सुमारे ४ लाख ३७ हजार ज्यूंना हद्दपार करण्यात आले. त्यांतील बहुसंख्य लोक ऑशविट्झ येथे नेले गेले आणि मारले गेले. अनेक विरळ आडनावांची कुटुंबे त्यांच्या गावांतून अशी समूळ नाहीशी झाली. जेरूसलेम येथील याद वाशेम ही संस्था अशा मृतांची नावे जमा करते. नातलग किंवा परिचित माणूस एका पानावर मृताचे नाव, आई-वडिलांची नावे, जन्मगाव अशी माहिती लिहून देतो. ज्यांना थडगे मिळाले नाही, त्यांचे स्मारक ते पानच असते.

अशा वेळी काटेकोरपणाला नैतिक अर्थ प्राप्त होतो. केवळ आडनाव जुळते म्हणून परक्याला आपल्या वंशवृक्षात बसवले, तर आपला खरा पूर्वज बाहेर राहतो. आणि त्या परक्याचे खरे वंशज त्याला शोधत आले, तर त्यांचीही दिशाभूल होते. 'येथपर्यंत पुरावा आहे, यापुढे नाही' असे लिहून थांबणे हा पूर्वजांचा सन्मानच होय. आडनाव दारापर्यंत नेते. दार उघडते ते एकेका नोंदीने.

पाठगत प्रश्न २
(अ) रिकाम्या जागा भरा : हंगेरीत शासकीय नोंदणी _____ या दिवशी सुरू झाली.
(आ) चूक की बरोबर ते लिहा : १९२० पूर्वीच्या हंगेरीतील सर्व गावांच्या नोंदी आज हंगेरीतच आहेत.
(इ) आईच्या माहेरच्या नावाचा वंशशोधात काय उपयोग होतो?

भाषाभ्यास

नामाला प्रत्यय लागून नवा शब्द तयार होतो, त्यास तद्धित शब्द म्हणतात. 'सातारा' या ग्रामनामास 'कर' प्रत्यय लागून 'सातारकर' हा शब्द झाला. प्रत्यय लागताना मूळ शब्दाच्या शेवटच्या 'आ'चा लोप झाला, हे लक्षात घ्या. पुढील ग्रामनामांना 'कर' प्रत्यय लावा व मूळ शब्दात होणारा बदल सांगा : पुणे, वाई, कोल्हापूर, गोवा.

सारांश

• आडनावातून व्यवसाय, गाव, लोकसमूह किंवा पित्याचे नाव सूचित होते.
• विरळ आडनाव शोधाचे क्षेत्र लहान करते, परंतु नाते सिद्ध करत नाही.
• लेखनातील बदल, नामांतर व बदललेल्या सीमा यांमुळे माग तुटू शकतो.
• गाव व धर्मपंथ निश्चित करून एकेक पिढी मागे जाणे हीच विश्वसनीय पद्धत होय.

शब्दार्थ

विरळ – क्वचित आढळणारे. दप्तरखाना – जुने सरकारी कागद जपून ठेवण्याची जागा. परगणा – राज्याचा प्रशासकीय विभाग. बाप्तिस्मा – ख्रिस्ती धर्मातील जलसंस्कार. कुलचिन्ह – घराण्याचे मानचिन्ह. निपुत्रिक – मूल नसलेला. ग्रामसूची – गावांची नावे व माहिती देणारी यादी. समूळ – मुळासकट.

स्वाध्याय

१. 'आडनाव दिशा दाखवते. मुक्कामाचे ठिकाण कागदांतूनच निश्चित करावे लागते', हे विधान पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
२. विरळ आडनावाचे लाभ आणि धोके प्रत्येकी दोन वाक्यांत लिहा.
३. वंशशोधातील काटेकोरपणाला नैतिक अर्थ केव्हा व का प्राप्त होतो?
४. कृती : तुमच्या कुटुंबातील ज्येष्ठांना विचारून आठही पणजोबा-पणज्यांची नावे, माहेरची आडनावे व गावे यांचा तक्ता तयार करा. ज्या माहितीला कागदाचा आधार आहे, तिच्यापुढे 'पुरावा' असे लिहा. जी केवळ ऐकीव आहे, तिच्यापुढे 'ऐकीव' असे लिहा. माहिती न मिळाल्यास जागा रिकामी ठेवा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : (अ) गाव. (आ) कवीने ते नाव १८४२ साली स्वतः घेतले. मूळ आडनाव पेत्रोविच होते. (इ) रोमन अक्षरांचे हंगेरियन उच्चार परदेशी लेखनिकांना ठाऊक नसत.
प्रश्न २ : (अ) १ ऑक्टोबर १८९५. (आ) चूक. (इ) एकाच नावाच्या दोन व्यक्तींमधील फरक ओळखता येतो आणि आईकडच्या घराण्याचा शोध घेता येतो.